खान्देशच्या उन्हाथंडीत माशांची पिल्लं जगवायची कशी, आणि अंगावर किडा पडला तर काय करायचं

गप्पी माशाने रात्रीतून पिल्लं टाकली की सकाळी घरात लग्नघर असल्यासारखं वाटतं. चाळीस-पन्नास डोळे नुसते पाण्यात फिरताहेत, घरातले सगळे वाकून वाकून बघताहेत, शेजारचा पोरगा मोजायला येतो. आणि पंधरा दिवसांनी तुम्ही स्वतः मोजता तर बारा उरलेले. मेलेली सापडत पण नाहीत बऱ्याचदा, कारण एवढंसं पिल्लू मेलं की दोन-चार तासांत विरघळतं नाहीतर गोगलगाय खाते. मग आपण दुकानात जातो, दुकानदार निळी बाटली देतो, आपण ती ओततो, आणि उरलेली बारा पण जातात.

हे मी ऐकीव नाही सांगत. आमच्याकडे अमळनेरला माझ्या टँकमध्ये फायटर (बेट्टा) माशाची साठ-सत्तर पिल्लं होती तीन आठवड्यांची, अंगावर काहीतरी धूळ दिसली, मी अंदाजाने औषध टाकलं, संध्याकाळी फरक नाही म्हणून परत तेवढंच टाकलं. सकाळी आजीने विचारलं, "तुना मासा परत मरी ग्यात का रे?" ते 'परत' जास्त लागलं. नंतर कळलं की आजार वेगळा होता, औषध वेगळं होतं, आणि डोस जवळजवळ तिप्पट झालेला, कारण टँक किती लिटरचा आहे हेच मी कधी मोजलं नव्हतं.

तर पिल्लांच्या बाबतीत लढाई जास्त करून पिल्लं जन्मायच्या आधीच जिंकायची असते. नंतर जे काही करायचं ते हळू, मोजून आणि एका वेळी एकच.

आपल्याकडचं हवामान आधी समजून घ्या

मुंबई-पुण्याचे लोक जे सांगतात ते जसंच्या तसं आपल्याकडे चालत नाही भो. मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा ४५ च्या वर जातो, पत्र्याच्या घरात टँकचं पाणी ३४-३५ होतं, आणि डिसेंबर-जानेवारीत धुळ्याकडे रात्री पारा एक आकड्यावर येतो, दुपारी परत तिशीकडे. माशाच्या मोठ्या जिवाला हे सहन होतं, पिल्लाला नाही.

म्हणून मी आजाराचा पहिला अंदाज कॅलेंडर बघून बांधतो. थंडीत आणि पहिल्या पावसानंतर जेव्हा पाणी एका रात्रीत चार-पाच अंश उतरतं तेव्हा व्हाईट स्पॉट, म्हणजे अंगावर मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके. एप्रिल-मे मध्ये व्हाईट स्पॉट माझ्याकडे जवळपास कधीच आला नाही, कारण ३० च्या वरच्या पाण्यात त्या किड्याची वाढच नीट होत नाही. उन्हाळ्यात पिल्लं मरतात ती ऑक्सिजनने, अमोनियाने आणि कल्ल्यातल्या फ्लूकने, म्हणजे कल्ल्याला-कातडीला चिकटून बसणाऱ्या बारीक अळीसारख्या किड्याने. २५ अंशाच्या पाण्यात लिटरमागे साधारण ८.३ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३५ ला तो ७ च्या खाली येतो, आणि गरम पाण्यात माशाची श्वासाची गरज उलट वाढते. त्यात लाईट गेली, पंप बंद, म्हणजे खेळ खलास.

टँक कसा लावायचा

पिल्लांसाठी वेगळा टँक ठेवा, खाली वाळू-गोटे काहीही नको, नुसती काच. बघायला बरं दिसत नाही पण घाण दिसते, मेलेलं पिल्लू दिसतं, आणि किड्यांची पुढची पिढी जी तळाला जाऊन बसते ती सायफनने, म्हणजे पाणी ओढायच्या नळीने, काढता येते. दोन फुटाचा टँक घेतला तर पन्नास-साठ गप्पीच्या पिल्लांना पहिला दीड महिना भरपूर झाला.

फिल्टर फक्त स्पंजचा. पॉवर फिल्टर पिल्लं ओढून घेतो. स्पंज नवा कोरा लावू नका, निरोगी जुन्या टँकमध्ये तीन-चार आठवडे आधी चालवून ठेवा म्हणजे त्यात अमोनिया खाणारे बॅक्टेरिया बसतात. निरोगी हा शब्द परत वाचा, कारण आजारी टँकचा स्पंज म्हणजे तुम्ही किडे घरपोच देताय.

वरून काच किंवा प्लॅस्टिकचं झाकण. फायटर आणि गुरामीच्या पिल्लांना तर हे लागतंच, त्यांचा वरची हवा घ्यायचा अवयव तिसऱ्या ते पाचव्या आठवड्यात तयार होतो आणि तेव्हा पाण्यावरची हवा उबदार-दमट पाहिजे, आपल्याकडची कोरडी हवा किंवा कूलरचा झोत थेट लागला की पिल्लं वर येऊन येऊन मरतात.

लाईटचं काय करायचं? बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप घेऊन ठेवा, किंवा इन्व्हर्टरवर एक पॉईंट टँकला द्या, एअर पंप फार कमी लाईट खातो. काहीच नसेल तर मग्याने टँकचंच पाणी उचलून वीतभर उंचीवरून बारीक धारेने परत सोडत राहा, दर दहा-पंधरा मिनिटांनी. मे महिन्यात पाणी ३३ च्या वर गेलं तर बर्फ थेट टाकू नका, पाण्याची बाटली फ्रीजमध्ये थंड करून तरंगत ठेवा आणि पाण्यावर छोटा पंखा सोडा, पंख्याने दोन-तीन अंश सहज उतरतात.

पाणी, इथेच बहुतेक लोक चुकतात

आपल्याकडे दोन प्रकारचं पाणी. बोअरचं जड पाणी आणि नळाचं क्लोरीनवालं पाणी. बोअरच्या जड पाण्यात गप्पी, मोली, प्लॅटी मजेत राहतात, उलट मऊ पाण्यातच ते कुरकुरतात. एंजल आणि टेट्राच्या अंड्यांना मात्र ते जमत नाही, त्यांच्यासाठी अर्धं आरओचं पाणी मिसळा.

नळाला बऱ्याच गावांत रोज पाणी येत नाही, आपण साठवून ठेवतो, ही आपली सवय माशांना फायद्याची आहे कारण उघड्या भांड्यात २४ ते ४८ तास पाणी ठेवलं, त्यात बबल सोडला, की साधा क्लोरीन उडून जातो. घाई असेल तर हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेटचे खडे. १ ग्रॅम हायपो १०० मिली पाण्यात विरघळवून बाटली भरून ठेवा, त्यातलं ७-८ मिली १० लिटरच्या बादलीला.

अमोनियाचं गणित जरा नीट वाचा. माशाची विष्ठा आणि उरलेलं खाणं यातून अमोनिया होतो, पण त्यातला सगळाच विषारी नसतो. २५ अंशाला पीएच ७ असेल तर एक टक्क्यापेक्षा कमी भाग विषारी रूपात असतो. पीएच ८ झाला, जो आपल्या बोअरच्या पाण्यात अगदी कॉमन आहे, की तोच भाग ५ टक्क्यांवर जातो, आणि पाणी ३२ अंश झालं की ८ टक्क्यांच्या वर. म्हणजे पुण्यातला माणूस जेवढं खाणं टाकून निभावतो तेवढ्यावर आपल्याकडे मे महिन्यात पिल्लं मरतील. पिल्लांचे कल्ले जळले की अंगावरचा चिकट थर जाडा होतो, माणसाला वाटतं किडा आहे, मग औषध, मग मरण.

रोज २० टक्के पाणी बदला. एअरलाईनच्या बारीक नळीने तळ ओढा, नळीच्या तोंडाला नायलॉनच्या साडीचा तुकडा बांधा नाहीतर पिल्लं बादलीत. नवीन पाणी त्याच तापमानाचं, आणि तेही नळीनेच थेंब थेंब सोडा.

अजून एक आपल्याकडची खास भानगड, बाष्पीभवन. उन्हाळ्यात कूलर चालू असलेल्या खोलीत एक-दोन दिवसांत टँकचं पाणी बोट-दोन बोटं उतरतं. पाणी उडतं, क्षार मागेच राहतात. तुम्ही वरून परत बोअरचं पाणी भरत राहिलात तर महिन्याभरात टँकचं पाणी खारट होत जातं. त्यामुळे उडालेलं पाणी आरओ किंवा पावसाच्या पाण्याने भरा. मिठाची ट्रीटमेंट चालू असताना हा मुद्दा जीवघेणा ठरतो, खाली सांगतो.

खाणं

गप्पी-मोलीची पिल्लं जन्मल्यापासून खातात. फायटर, एंजल, गोल्डफिशची पिल्लं आधी पोटाखालच्या पिशवीवर दोन-चार दिवस काढतात, पोहायला लागली की मगच खाणं.

सगळ्यात भारी म्हणजे आर्टेमियाची, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या बारीक कोळंबीसारख्या जिवाची, ताजी पिल्लं. १ लिटर पाण्यात २५ ग्रॅम खडं मीठ, अर्धा चमचा आर्टेमियाची अंडी, तळातून जोरात बबल, वरून बल्ब, २६ ते २८ अंशाला २४ तासांत फुटतात. बबल बंद करून एका बाजूने बॅटरी मारली की जिवंत पिल्लं उजेडाकडे गोळा होतात आणि टरफलं वर तरंगतात, टरफलं पिल्लांना देऊ नका, आतड्यात अडकतात. गाळून गोड्या पाण्यात धुवा आणि लगेच द्या, फुटल्यापासून जसजसा वेळ जाईल तसा त्यांच्यातला कस कमी होतो.

ते जमत नसेल तर ओटच्या लापशीवर मायक्रोवर्म (बारीक पांढऱ्या अळ्या) वाढवा, किंवा पिल्लांसाठीची बारीक पावडर चिमटीने. उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक खूप जण सांगतात, मी देत नाही, तांदळाच्या दाण्याएवढा जरी जास्त पडला तरी दुसऱ्या दिवशी पाणी दुधाळ. दिवसातून तीन-चार वेळा, पोट केशरी-गोल दिसेल इतकंच.

नाल्यातले ट्युबिफेक्स (बारीक लाल अळ्या) आणि डबक्यातले पाणकिडे हे पिल्लांना देऊच नका. मोठ्यांना देतात लोक, पण त्यातून फ्लूक, माशाच्या अंगाला चिकटणारा अर्ग्युलस, हायड्रा सगळं घरात येतं. हायड्रा म्हणजे काचेला चिकटलेला बारीक झाडासारखा जीव, तो नवीन पिल्लू धरून खातो, तुम्हाला वाटतं पिल्लं गायब कशी झाली. डासांच्या अळ्या चांगलं खाणं आहे, गप्पीचं ते आवडतं काम आहे आणि म्हणूनच हिवताप विभागवाले टाक्यांत गप्पी सोडतात, पण घरी अळ्यांसाठी बादली भरून ठेवून विसरलात तर डेंग्यू तुमच्याच गल्लीत.

किडा येतो कुठून

पिल्लू कोरं जन्माला येतं. किडा त्याला आईबापाकडून, पाण्यातून, जाळीतून किंवा जिवंत खाण्यातून मिळतो. मासे आपल्याकडे कोलकात्याहून, चेन्नईच्या कोलाथूरहून, मुंबईहून बॉक्समधून येतात, प्रवासात अर्धमेले, आणि एकाच पाण्यात शंभर. असा मासा दुकानातून आणून थेट ब्रीडिंगला लावला की त्याच्या कल्ल्यातले फ्लूक पिल्लांना वारसाहक्काने मिळतात.

म्हणून नवीन जोडी आणली की तीन ते चार आठवडे वेगळ्या टबात. त्या काळात एकदा फ्लूकची ट्रीटमेंट आणि शेपटीखाली लाल धागे दिसले तर जंताची. मोठ्या माशाला औषध देणं सोपं आणि सुरक्षित, पिल्लांना देणं म्हणजे तारेवरची कसरत. अंडी देणारे असतील तर शक्य तिथे अंडीच वेगळी काढा.

जाळी, सायफन, बादली पिल्लांसाठी वेगळी. वापरून झाली की गच्चीवर उन्हात कडक वाळवा. व्हाईट स्पॉटच्या किड्याला कोरडं सहन होतच नाही, पूर्ण वाळलं की मेला. फ्लूकची अंडी पण वाळली की संपतात. खान्देशचं ऊन हे फुकटचं जंतुनाशक आहे, वापरा ना.

ओळखायचं कसं

औषधाला हात लावायच्या आधी दोन गोष्टी. अमोनियाची टेस्ट करा, किट नसेल तर सरळ ३० टक्के पाणी बदला आणि सहा तास थांबा. पाण्याचा प्रॉब्लेम असेल तर तेवढ्यानेच पिल्लं खुलतात. सगळी एकदम आजारी दिसली तर पाणी, दोन-चारांपासून सुरू होऊन वाढत गेलं तर किडा, हा ढोबळ नियम माझ्याकडे तरी बहुतेक वेळा बरोबर निघालाय.

नंतर अंधार करा आणि मोबाईलचा टॉर्च तिरपा मारा. मिठाचे कण दिसले तर व्हाईट स्पॉट. सोनेरी-तपकिरी हळदीची धूळ दिसली तर व्हेलव्हेट. राखाडी-दुधी पापुद्रा आणि पंख मिटलेले तर कॉस्टिया, ट्रायकोडिना असले बारीक किडे. अंगावर काहीच नाही पण एका बाजूचा कल्ला बंद, दुसरा भराभर हलतोय, पिल्लू पाण्याच्या वरच्या थराला, तर फ्लूक. खातंय पण पोट खपाटीला आणि विष्ठा पांढरी दोरीसारखी, तर आतला किडा.

परवडत असेल तर शाळेतल्या मुलांचा असतो तसला साधा मायक्रोस्कोप घ्या. मी घेतला आणि अर्धी औषधं कपाटात गेली. पिल्लांच्या बाबतीत एक सोय आहे, नुकतंच मेलेलं पिल्लू अख्खंच स्लाईडवर ठेवता येतं. टँकच्याच पाण्याचा थेंब टाका, वरून पातळ काच, ४० पट वर बघा. एका टोकाने चिकटून वळवळणारी अळी म्हणजे फ्लूक. गोल, हळू लोळत जाणारा आणि पोटात घोड्याच्या नालासारखा आकार म्हणजे व्हाईट स्पॉट. १०० पट वर भिंगरीसारखी फिरणारी दातेरी चकती म्हणजे ट्रायकोडिना, आणि लुकलुकणारे एकदम बारीक स्वल्पविराम म्हणजे कॉस्टिया. पिल्लू मेल्यानंतर तासाभरात बघा, उशीर झाला की किडे उतरून जातात आणि तुम्ही म्हणता काहीच नाही.

डोस मोजणं

लांबी, रुंदी, पाण्याची उंची सेंटिमीटरमध्ये गुणा, १००० ने भागा, लिटर आले. दोन फुटाचा टँक ६० बाय ३०, पाणी २५ सेंटिमीटर, म्हणजे ४५ लिटर. टँकवर मार्करने लिहून ठेवा. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा आणि मेडिकलमधली सुईशिवायची सिरिंज, एवढंच सामान. झाकणाने, चमचाभर, थोडंसं, हे शब्द विसरा.

औषध टाकायच्या आधी फिल्टरमध्ये कोळसा असेल तर काढा नाहीतर तो औषध पिऊन टाकतो. बबल वाढवा. आणि पहिल्यांदा वापरताय तर चार-पाच पिल्लं एका डब्यात घेऊन त्यांच्यावर आधी एक दिवस करून बघा. निर्दय वाटतं पण पन्नास जाण्यापेक्षा बरं. १५ दिवसांच्या आतल्या पिल्लांना मी मीठ, तापमान आणि पाणी याशिवाय काहीच देत नाही.

व्हाईट स्पॉट

याचं शास्त्रीय नाव इक्थिऑफ्थिरियस मल्टिफिलिस, फूके नावाच्या माणसाने १८७६ मध्ये ठेवलेलं, अर्थ साधारण 'खूप लेकरांची माशावरची ऊ'. नाव एकदम बरोबर आहे. अंगावरचा पांढरा ठिपका म्हणजे कातडीच्या आत बसून खाणारा किडा. पोट भरलं की तो गळून तळाला जातो, स्वतःभोवती कवच करतो, आत फुटून फुटून शेकडो पोरं तयार होतात, ती बाहेर पडून पोहत नवीन मासा शोधतात. साधारण दोन दिवसांत मासा मिळाला नाही तर मरतात.

औषध लागू पडतं ते फक्त त्या पोहणाऱ्या पोरांना. कातडीतल्याला नाही, कवचातल्याला नाही. त्यामुळे दोन दिवसांत ठिपके गेले म्हणून औषध बंद केलं की आठवड्याने दुप्पट येतात, ते ठिपके बरे झालेले नसतात, पिल्लं काढायला खाली गेलेले असतात. २५ अंशाला हे चक्र आठवड्याच्या आसपास, थंड पाण्यात ते खूप लांबतं, म्हणूनच तर आपण पाणी गरम करतो.

काय करायचं ते असं. हीटर लावून दिवसाला दोन अंशाच्या वेगाने पाणी ३० पर्यंत न्या, बबल डबल. सोबत खडं मीठ, पहिल्या दिवशी लिटरला १ ग्रॅम, म्हणजे आपल्या ४५ लिटरला ४५ ग्रॅम, वेगळ्या मग्यात विरघळवून दोन-तीन हप्त्यांत. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अजून १ ग्रॅम. गप्पी-मोलीला २ ते ३ ग्रॅम आरामात चालतं, कोरीडोरास (तळाला फिरणारा मिशीवाला मासा) असेल तर १ च्या वर जाऊ नका. रोज तळ ओढायचा, कारण कवचवाले तिथेच बसलेत. जेवढं पाणी काढलं तेवढ्याच पाण्याचं मीठ नवीन पाण्यात टाकायचं. आणि उडालेलं पाणी भरताना मीठ अजिबात नाही, कारण मीठ उडत नाही. माझ्या ओळखीतल्या एकाने रोज भरतीच्या पाण्यात पण मीठ टाकलं, दहा दिवसांत पिल्लं लोणच्यात.

हे १० ते १४ दिवस, आणि शेवटचा ठिपका गेल्यावर पण किमान पाच दिवस चालू ठेवा. गोल्डफिशच्या पिल्लांना ३० अंश देऊ नका, त्यांना २४-२५ वर ठेवून मीठ ३ ग्रॅमपर्यंत आणि दिवस जास्त. मॅलाकाईट ग्रीन-फॉर्मालिनच्या बाटल्या मिळतात, काम करतात, पण टेट्रा आणि पिल्लं दोघांनाही ते कडक पडतं. महिन्याच्या वरची पिल्लं असतील आणि मीठ-उष्णतेने आठ दिवसांत फरक नसेल तरच, अर्ध्या डोसने, हातमोजे घालून. खायच्या माशाच्या टाकीत तर चुकूनही नाही.

व्हेलव्हेट

माझी फायटरची पिल्लं याने गेली होती हे मला खूप उशिरा कळलं. दोन-तीन आठवड्यांच्या फायटरच्या पिल्लांचा हा ठरलेला शत्रू. ठिपके नाहीत, धूळ असते, साध्या उजेडात दिसतच नाही. पिल्लं अंग घासतात, खाणं सोडतात, मग एका रात्रीत अर्धी.

हा किडा काही प्रमाणात झाडासारखा उजेडावर जगतो, त्यामुळे टँकला चारी बाजूंनी जाड चादर किंवा काळा कागद लावायचा, खाणं देण्यापुरतंच उघडायचं. तापमान २९-३०, मीठ १ ते २ ग्रॅम, रोज तळ साफ. दहा-बारा दिवस. तांब्याचं औषध यावर सगळ्यात पक्कं, पण तांबं थोडं कमी झालं तर काम नाही, थोडं जास्त झालं तर पिल्लं नाहीत, कोळंबी आणि गोगलगायी तर आधीच संपतात. तांब्याची टेस्ट किट हातात नसेल तर नादी लागू नका.

कॉस्टिया, ट्रायकोडिना यांचं जास्त लिहीत नाही, पाणी स्वच्छ करा आणि मीठ ३ ग्रॅमपर्यंत आठवडाभर ठेवा, बहुतेक वेळा बसतं. हे किडे मुळात गर्दी आणि घाणीचे पाहुणे आहेत, पिल्लं दोन टँकमध्ये विभागली तरी निम्मा आजार जातो.

फ्लूक

फ्लूकला मीठ पुरत नाही, इथे प्राझिक्वांटेल लागतं, आणि चांगली गोष्ट म्हणजे योग्य डोसमध्ये ते पिल्लांना बरंच सोसतं. डोस लिटरला २ मिलिग्रॅम. ४५ लिटरला ९० मिलिग्रॅम. गोळी येते ६०० मिलिग्रॅमची, मग ९० कसं मोजणार? गोळी खलबत्त्यात एकदम बारीक कुटा, ६० मिली पाण्यात टाकून जोरात हलवा, आता प्रत्येक मिलीत १० मिलिग्रॅम. सिरिंजने ९ मिली घ्या. ही पावडर विरघळत नाही, नुसती तरंगते, म्हणून प्रत्येक वेळी घेण्याआधी बाटली हलवा.

कुत्र्यांच्या जंताच्या गोळ्यांत प्राझिक्वांटेल असतं म्हणून बरेच जण तीच वापरतात, पण त्यात बहुतेक वेळा दुसरी दोन औषधं मिसळलेली असतात, त्या घेऊ नका. गोळी गुरांच्या डॉक्टरांना विचारून घ्या, ते हसतील गप्पीच्या पिल्लांसाठी आलाय म्हटल्यावर, हसू द्या.

दोन दिवसांनी अर्धं पाणी बदला. कातडीवरचे फ्लूक थेट पिल्लं जन्माला घालतात, ते एका डोसमध्ये आवरतात. कल्ल्यातले अंडी देतात आणि औषध अंड्यांना काहीच करत नाही, म्हणून ५ ते ७ दिवसांनी दुसरा डोस लागतोच, थंडीत अंडी उशिरा फुटतात तेव्हा तिसरा पण.

पोटातले

गप्पीच्या शेपटीखालून लाल बारीक धागे बाहेर आलेले दिसले तर ते कॅमॅलॅनस जंत. एका माशात दिसला म्हणजे टँकमधल्या सगळ्यांत आहे असं धरा, कारण ते एका माशाकडून दुसऱ्याकडे थेट पण जातात. लेव्हामिसोल, लिटरला २ मिलिग्रॅम, शेळ्या-मेंढ्यांच्या औषधाच्या दुकानात मिळतं, पण पाकिटावर किती टक्के आहे ते वाचून हिशेब करा. उजेडात हे औषध निकामी होतं म्हणून टँक झाकून २४ तास. ते जंताला मारत नाही, लुळा करतं, मग तो खाली पडतो, म्हणून दुसऱ्या दिवशी तळ पूर्ण ओढून मोठा पाणीबदल, हे राहिलं तर पिल्लं तेच परत खातात. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा.

एंजलच्या पिल्लांत पांढरी दोरीसारखी विष्ठा आणि एकेक करून बारीक होत जाणं म्हणजे हेक्सामिटासारखा किडा. त्याला मेट्रोनिडाझोल, लिटरला ६-७ मिलिग्रॅम, दिवसाआड तीन वेळा, प्रत्येक वेळी आधी पाव पाणी बदलून. हे अँटिबायोटिक आहे, डॉक्टरला विचारल्याशिवाय घरातल्या उरलेल्या गोळ्या टाकायच्या नाहीत.

नंतर

ट्रीटमेंट संपली की मीठ एकदम काढू नका, चार-पाच दिवस रोज २० टक्के साधं पाणी देत देत उतरवा. कोळसा दोन दिवस फिल्टरमध्ये ठेवा म्हणजे औषध ओढून घेतो. पिल्लं मोठ्या टँकमध्ये सोडायची घाई नको, आईच्या तोंडात मावणार नाहीत एवढी झाली आणि दोन आठवडे काही दिसलं नाही तर सोडा.

जास्तीची पिल्लं बोरी नदीत, तापीत किंवा शेततळ्यात सोडू नका, गप्पी तिथल्या देशी माशांची अंडी-पिल्लं खातात आणि सोबत आपल्या टँकमधले किडे पण जातात. ओळखीत वाटून टाका. औषधाचं पाणी मोरीत. आणि टँकचं साधं पाणी झाडांना खतासारखं लागतं पण मिठाचं पाणी झाडांना घालू नका. मी एकदा दोन बादल्या कढीपत्त्याच्या बुडाशी ओतल्या होत्या, ते झाड वाळलं, आणि आई अजून शेवभाजीला फोडणी देताना ते काढतेच.